दुसऱ्या होडीतले भागीदार

पुण्याला समुद्र नाही. पण समुद्राची वार्ता पुण्याला लवकर पोचते. स्वारगेटच्या एसटी स्थानकातून दापोली, श्रीवर्धन, अलिबाग, रत्नागिरी या गावांकडे गाड्या सुटतात आणि परतीच्या प्रवाशांबरोबर वादळाची, फुटलेल्या होडीची, न लागलेल्या मासळीची बातमी घाट चढून वर येते. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पापलेटचा भाव अकस्मात चढला, की खाली काहीतरी बिनसले आहे हे जाणती गृहिणी वर्तमानपत्र न उघडताच ओळखते. शहरातील आपला समाजही एका अर्थी किनाऱ्याकडूनच वर आला आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली नाना पेठेत जे देवालय उभे राहिले, ते पेशव्यांच्या फौजेत चाकरीस आलेल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसांसाठी होते. तेव्हा किनाऱ्यावर संकट कोसळले की पुण्याच्या धर्मग्रामांतून वर्गणी निघावी, यात नवल नाही. ती पोचल्यावर त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

एकदा बुडालेल्या माणसाला हात देणे निराळे आणि वारंवार बुडणाऱ्याला निराळे. मच्छीमार कुटुंबाच्या बाबतीत हा फरक विसरला, तर दयेने दिलेला पैसाही फुकट जातो, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास उलगडावा लागेल.

अगदी अलीकडचा काळ घेऊ. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. त्याच्या पाठोपाठ नोव्हेंबरच्या आरंभी ‘महा’ आले. दोन्ही वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, परंतु पावसाळ्यानंतरचा जो भर हंगाम, त्यातच होड्या बंदरात खिळून राहिल्या. त्यातून सावरावे तो मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बाजार मिटले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याने घरांची छपरे आणि मागच्या वाड्या दोन्ही नेल्या. पुढल्या मे महिन्यात, १७ मे २०२१ च्या सुमारास, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि बंदरात नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या. अठरा-एकोणीस महिन्यांत हे सारे झाले. मध्ये १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ नेहमीप्रमाणे होताच. त्या दोन महिन्यांत कमाई शून्य असते आणि होडीच्या डागडुजीचा खर्च नेमका तेव्हाच करावा लागतो.

पहिल्या नुकसानीत घरातली शिल्लक जाते. दुसऱ्या नुकसानीत बायकोच्या अंगावरचे सोने जाते. तिसऱ्यात होडी जात नाही, ती होडीवाल्याच्याच नावावर राहते. मात्र तिच्यातून येणाऱ्या मासळीवरचा हक्क जातो. तो कसा जातो हे शहरातल्या माणसाला सहज उमगत नाही. डिझेल, बर्फ, जाळे आणि खलाशांची उचल यांसाठी हंगामाच्या आधी रोकड लागते. बँक होडीला खात्रीचे तारण मानीत नाही, कारण ती उद्या समुद्रात असते आणि परवा कदाचित नसते. मग मासळीचा व्यापारी किंवा दलाल पैसे देतो. तो पुष्कळदा व्याजाचा आकडा तोंडाने उच्चारीतही नाही. त्याची अट एकच असते: मासळी मलाच द्यायची आणि भाव मी ठरवायचा. शेतकऱ्याच्या सावकाराला जमीन हवी असते, मच्छीमाराच्या सावकाराला पुढचा सारा हंगाम हवा असतो. अशा बांधलेल्या माणसाच्या हाती आपण नवे जाळे दिले, तर त्या जाळ्यात सापडलेले मासे कोणाच्या टोपलीत पडतील, हे निराळे सांगायला नको.

शेतकऱ्याच्या कर्जाची दखल सरकारने आधी घेतली, त्याचे एक कारण आपल्याच जिल्ह्यात घडले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दंगे पसरले, चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम लागू झाला. कोकणातला मच्छीमार त्यात नव्हता. त्याने वह्या जाळल्या नव्हत्या; जाळणार तरी काय, त्याचे बरेचसे देणे तोंडीच असे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा मात्र एक दार किलकिले झाले. १९१३ साली कर्ला मच्छीमार सहकारी संस्था निघाली. लोणावळ्याजवळच्या लेण्यांचे कार्ले निराळे. हे कर्ला रत्नागिरीजवळचे. भारतातील मच्छीमारांची ही पहिली सहकारी संस्था मानली जाते. देशातील सगळ्या मासेमारी सहकाराचा आरंभ आपल्या मराठी किनाऱ्यावर, एका लहानशा वस्तीत झाला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत आम्हांला कोठे आढळली नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, वसईत मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक समाजासाठी सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून वाढली. ही संस्था मुख्यतः मच्छीमारांची होती असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. वसईची बागायती सर्वांना ठाऊक आहे. परंतु एका धर्मगुरूला आपल्या लोकांच्या दारिद्र्यावर दानपेटीऐवजी हिशेबाची वही हा उपाय सुचला, हे महत्त्वाचे. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक १८९१ चे. कामकऱ्यांनी आपल्या संघटना उभाराव्यात, हा त्यातला विचार अशा रीतीने उत्तर कोकणच्या एका धर्मग्रामात व्याजाच्या दराचे रूप घेऊन उतरला.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला जे घडत होते, त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील अँटिगोनिश गावी सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ आहे. विद्यापीठाचे उपप्रमुख फादर जिमी टॉम्पकिन्स यांचे विद्यापीठाच्या विलीनीकरणाच्या प्रश्नावर आपल्या बिशपांशी मतभेद झाले आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो नावाच्या, धुक्यात हरवलेल्या मच्छीमार धर्मग्रामात झाली. शिक्षा म्हणून झालेली ही बदली त्या किनाऱ्याला वरदान ठरली. फादरांनी तेथे जे पाहिले, ते आपल्या कोळीवाड्याहून फारसे निराळे नव्हते. व्यापारी उधारीवर सामान देई आणि मासे आपल्या भावाने उचली. मोठ्या वाफेच्या ट्रॉलरांनी किनाऱ्याजवळचे पाणी ढवळून टाकले होते. १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याचा साठावा वाढदिवस साजरा होत असताना, आपण काय म्हणून आनंद मानायचा, असे विचारीत कॅन्सोचे मच्छीमार एकत्र जमले. फादरांनी हा आवाज वर्तमानपत्रांपर्यंत आणि आपल्या बंधू-धर्मगुरूंपर्यंत पोचवला. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

आयोगाच्या शिफारशीवरून मच्छीमारांना संघटित करण्याचे काम फादर मोझेस कोडी यांच्याकडे आले. ते टॉम्पकिन्स यांच्या नात्यातलेच. १९२८ मध्ये विद्यापीठाने लोकशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची धुरा कोडी यांच्याकडे दिली. त्यांची पद्धत साधी होती. आधी पैसा नाही, आधी बैठक. आठ-दहा शेजाऱ्यांनी एखाद्याच्या स्वयंपाकघरात रात्री जमायचे आणि एकच प्रश्न घ्यायचा: आपण पकडलेला मासा शहरात ज्या किमतीला विकला जातो, त्यातला किती भाग आपल्या हाती येतो आणि उरलेला कोठे जातो? असा हिशेब मांडायला अक्षरओळख लागे. मग ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. कॅन्सोजवळच्या लिटल डोव्हर या अतिशय दरिद्री वस्तीने शेवंडांचे डबे भरण्याचा कारखाना स्वतःच्या हातांनी बांधला. लाकूड जंगलातून आणले, श्रम गावाचे आणि उसन्या रकमेत फादरांचीही भर. १९३० मध्ये हॅलिफॅक्स येथे मच्छीमारांचा संघ स्थापन झाला, १९३२ पासून पतपेढ्या निघू लागल्या. १९५९ साली कोडी यांच्या नावाने जी संस्था त्या विद्यापीठात सुरू झाली, तिच्यात भारतातले कितीतरी धर्मगुरू, धर्मभगिनी आणि कार्यकर्ते सहकाराचे शिक्षण घेऊन आले.

आम्हांला या साऱ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो क्रम. लिटल डोव्हरच्या लोकांना कोणी कारखाना बांधून दिला असता, तर बहुधा तो पुन्हा व्यापाऱ्याच्याच घशात गेला असता. आधी हिशेब, मग पतपेढी, मग कारखाना. मदतीचा पैसा सर्वांत शेवटी आला, तोही कर्जाऊ.

लूकच्या शुभवर्तमानात रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागल्याचा जो प्रसंग आहे, तो आपण चमत्कारासाठी वाचतो. त्यातली व्यवसायाची बाजू सहसा नजरेतून सुटते. जाळे भरून फाटू लागले, तेव्हा शिमोन पेत्राने दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खूण केली. ते आले आणि दोन्ही होड्या भरल्या. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे पेत्राचे भागीदार होते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पेत्राला दुसरी होडी होती, म्हणून ते मासे हाती राहिले. एकट्याच्या होडीने एवढी मासळी पेलली नसती.

पण भागीदारी झाली, कर्ज फिटले, आणि समुद्रात मासाच उरला नाही तर? नेमके हे दुसरे संकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्यावर आले, आणि ते वादळाने आणलेले नव्हते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात रापण ओढणे हा सबंध वाड्याचा उद्योग असे. किनाऱ्यावरून होडीने लांबलचक जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके पुष्कळ माणसांनी मिळून वाळूवर ओढायची. मग ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याच्या मालकांना वाटा, म्हाताऱ्यांना आणि विधवांनाही मूठभर. सरकारने यांत्रिक ट्रॉलरांना आणि नंतर पर्ससीन जाळ्यांना उत्तेजन दिले, तेव्हा किनाऱ्याकडे येणारे बांगड्यांचे आणि तारल्यांचे थवे आधीच उचलले जाऊ लागले. १९७५ च्या सुमारास गोव्याचे रापणकार उठले. शिक्षकी पेशातले माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोर्चे, धरणी, उपोषणे झाली. १९७८ मध्ये देशभरातील पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्षही साल्ढाणाच. १९८० साली गोव्याने आणि केरळने, १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले आणि किनाऱ्याजवळचा पट्टा लहान मच्छीमारासाठी राखला जावा हे तत्त्व प्रथमच कायद्यात आले.

हाच मंच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम झाला आणि त्याची धुरा रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी यांनी दीर्घकाळ वाहिली. परदेशी जहाजांना खोल समुद्रातील मासेमारीचे परवाने देणाऱ्या धोरणाविरुद्ध त्यांनी १९९६ मध्ये मुंबईत उपोषण केले. सरकारला ते धोरण मागे घ्यावे लागले. धर्मगुरूने असे रस्त्यावर उतरावे काय, यावर त्या वेळी आपल्याच मंडळींत बरीच कुजबुज झाली. कोचेरी २०१४ मध्ये निवर्तले. ज्या २१ नोव्हेंबरला जगभर मत्स्यदिन पाळला जातो, त्या दिवशी १९९७ साली दिल्लीत त्यांच्या पुढाकाराने जगातील मच्छीमारांचा मंच स्थापन झाला होता.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे मुळीच नाही. पर्ससीनवरचे निर्बंध महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आले, म्हणजे मूळ कायद्यानंतर पस्तीस वर्षांनी. आणि सहकाराविषयीही भाबडेपणा नको. किनाऱ्यावरील कितीतरी मच्छीमार संस्था डिझेलचा परतावा मिळवण्यापुरत्याच जिवंत आहेत. काही मोठ्या होडीवाल्यांच्या मुठीत आहेत. तरीसुद्धा पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीकडे पाहावे. तेथील दोन सहकारी संस्थांनी सभासदांचे पापलेट एकत्र करून विकण्याची रीत पाडली. एकट्या नाखव्याला निर्यातदाराच्या दारात उभे राहून भाव मागता येत नाही; सबंध गावाचे पापलेट एका वजनकाट्यावर आले, की निर्यातदार गावाच्या दारात येतो.

स्त्रियांचा उल्लेख आम्ही उशिरा करीत आहोत, आणि सरकारी कागदांतही तो उशिराच येतो. पुरुष मासे आणतो, त्याचे पैसे कोळीण करते. बोंबील वाळवणे, खारवणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, उधारी लक्षात ठेवणे हे सारे तिचे. ‘क्यार’ आणि ‘महा’ वादळांत बुडालेल्या हंगामासाठी महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये सुमारे पासष्ट कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते प्रामुख्याने होडीच्या आकारावर मोजलेले होते. रापणकारांचा आणि मासळी विकणाऱ्यांचाही त्यात विचार झाला. विकणाऱ्यांना बर्फाच्या शीतपेट्यांसाठी रक्कम होती. हे पाऊल चांगलेच. मात्र जो खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जातो, त्याचे नाव होडीच्या कागदावर नसते. जी बाई घाऊक मासळी उधारीवर घेऊन वाळवते, तिचा भिजून कुजलेला माल पंचनाम्यात क्वचितच चढतो. एखाद्या धर्मग्रामाला खरोखर मदत करायची असेल, तर सरकारची यादी जेथे संपते तेथून त्याने आपली यादी सुरू करावी. गावातली कोणती पतपेढी चालू आहे, कोळणींचा बचत गट आहे काय, कोणाची मासळी कोणाकडे बांधलेली आहे, हे त्या गावच्या फादरांना आणि तांडेलांना विचारावे. बांधील मासळी सोडवून घेण्यासाठी बिनव्याजी दिलेली रक्कम नव्या जाळ्याहून अधिक काळ टिकते, कारण ती फिरून परत येते आणि पुढच्या घराला मिळते.

आतापर्यंतची दोन नुकसाने दूरच्या किनाऱ्यावरची: एक कर्जाचे, दुसरे आटलेल्या मासळीचे. तिसरे मात्र आपल्या जिल्ह्यातच घडते, आणि त्यात देणारे हात आपले नसून घेणारे आहेत. स्वारगेटच्या पश्चिमेला, पर्वतीच्या पायथ्याकडून आंबिल ओढा वाहतो. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवून तळे केले, त्याच जागी आज सारसबाग आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याने पूर आणून माणसे नेली, तेव्हा तो शहराला आठवला; एरवी तो सांडपाणी वाहण्याच्या कामी येतो. ते पाणी मुठेत जाते, मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा दौंडच्या अलीकडे भीमेत शिरते आणि भीमा १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात थांबते. त्या पाण्यावर इंदापूर, दौंड आणि करमाळ्याकडची भोई कुटुंबे जगतात. धरणाआधी त्यांचा उद्योग वाहत्या भीमेत होता. नदी अडली तेव्हा घाट, डोह आणि त्यांचे ज्ञान पाण्याखाली गेले. त्यांनी जलाशयात जाळे टाकण्याची नवी रीत शिकून घेतली, कटला आणि रोहू यांवर पुन्हा संसार उभे केले. मग घाण पाणी वाढले, नदीचे मूळचे मासे दिसेनासे होत गेले आणि कशाही पाण्यात तगणारी चिलापी सर्वत्र पसरली. वादळाला नाव असते, तारीख असते, पंचनामा असतो. या नुकसानीला त्यांतले काहीच नाही, म्हणून भरपाईही नाही.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मार्गी लागला; त्यात अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधण्याचे ठरले. पुण्यातील वर्तमानपत्रे त्याच्याकडे नदीकाठच्या सौंदर्याचा आणि दुर्गंधीचा प्रश्न म्हणून पाहतात. स्वारगेटहून सोलापूरच्या गाडीत बसले, की काही तासांत भिगवण येते. तेथे जलाशयातील मासळीचा लिलाव होतो. होड्या पाण्याला लागतात, क्रेट उतरतात, व्यापारी बोली लावतात आणि चिलापीचे ढीग काट्यावर चढतात. त्यांतले काही बर्फात भरून परत पुण्याकडे निघतात.